पडदा कधी उघडायचा?

डिसेंबरातली पहाट, साडेपाचचा सुमार. पवन मावळात डोंगराच्या पायथ्याशी वीस गुंठ्यांचं एक पॉलिहाऊस. दारातल्या जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवून आम्ही आत शिरलो. बाहेर काळोख होता, आत त्याहून दाट. गेली कैक वर्षं इथली मुकादमी करणाऱ्या, सगळ्यांच्या ‘मामां’नी बॅटरीचा झोत गुलाबाच्या एका लाल कळीवर टाकला. म्हणाले, “बघा ताई, आत्ता कोरडी आहे. सातनंतर या, रडताना दिसेल.”

मला वाटलं, दव रात्री पडतं. सूर्य वर आला की सुकतं. मामांचं म्हणणं नेमकं उलटं होतं.

पॉलिहाऊसचा मालक, मामांच्या निम्म्या वयाचा, कृषी पदवी घेतलेला मुलगा, मोबाईलच्या उजेडात उभा होता. स्क्रीनवर दोन रेषा होत्या, एक तापमानाची आणि दुसरी आर्द्रतेची. तापमान १२ अंश, आर्द्रता ९७ टक्के. पुढचा तासभर त्या दोघांत जी बोलणी झाली, ती एकाच प्रश्नावर होती: बाजूचा पडदा कधी उघडायचा? या लेखाचा विषयही तोच आहे. शेतीतल्या डेटाबद्दल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपण पुष्कळ मोठं मोठं ऐकतो. प्रत्यक्षात ती सगळी यंत्रणा पॉलिथिनचा एक पडदा चार बोटं वर करण्यापाशी येऊन थांबते. आणि तिची खरी परीक्षा तिथेच होते.

*

कळी का रडते, ते आधी समजून घेऊ.

निरभ्र रात्री पॉलिहाऊसचं छत आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतं. साधं पॉलिथिन काचेइतकं ऊब अडवत नाही. वारा पडलेला असेल, तर पहाटे आतली हवा कधी कधी बाहेरच्यापेक्षाही थंड झालेली सापडते. सगळे पडदे बंद असतानाही! झाडांनी आणि ओल्या बेडनी रात्रभर सोडलेली वाफ आतच कोंडलेली असते. तरी तोवर कळी कोरडी असू शकते, कारण कळी आणि हवा दोन्ही सारख्याच गार असतात.

मग सूर्य उगवतो. हवा हलकी, ती अर्ध्या तासात तापते. पानं पातळ, तीही तापतात आणि वाफ सोडू लागतात. कळी मात्र आतून पाकळ्यांनी गच्च भरलेली, वजनदार. तिला गरम व्हायला वेळ लागतो. समजा हवा १८ अंशांवर पोचली आणि आर्द्रता ९० टक्के आहे. अशा हवेचा दवबिंदू साधारण १६ अंश. कळी अजून १४ वरच अडकलेली. फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी जमावं तसं तिच्यावर पाणी जमतं. मामांचं ‘रडणं’ ते हेच.

हे पाणी दिसायला सुंदर असतं, छायाचित्रकारांना आवडतं. फुलवाल्याला ते बघवत नाही. पाकळीवर काही तास ओल टिकली की बोट्रायटिसच्या बुरशीला रुजायला तेवढं पुरतं. पानांवर टिकली तर डाऊनी मिल्ड्यूच्या रोगाला. बोट्रायटिसची खोड अशी की फूल तोडताना, प्रतवारी करताना, खोक्यात भरताना ते निरोगी दिसतं. बुरशी पाकळीत दबून बसलेली असते. विमानाचा प्रवास करून खोकं परदेशात उघडलं जातं, तेव्हा पाकळ्यांवर करडे डाग दिसतात. खोकं नाकारलं जातं आणि त्याची बातमी मावळात फोनवरून येते. त्या फोनचं मूळ एका पहाटेच्या अर्ध्या तासात असतं, हे तोवर कुणाच्या ध्यानातही नसतं.

उपाय सोपा वाटतो. सूर्य उगवायच्या आधीच पडदा थोडा उघडा, कोंडलेली वाफ बाहेर जाऊ द्या. पण फेब्रुवारीची १४ तारीख, ‘व्हॅलेंटाइन डे’, जवळ येत असते. बाहेरची गार हवा आत घेतली की कळीची वाढ मंदावते. वाफ बाहेर घालवायची आणि ऊब आत राखायची, हे दोन्ही एका पडद्याला जमत नाही. निवड करावी लागते आणि ती रोज बदलते.

*

ही निवड इथे इतकी अवघड का, याचं उत्तर पॉलिहाऊसच्या इतिहासात आहे.

१९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि पुण्याभोवती निर्यातीच्या फुलांची लाट आली. परदेशी आराखडे आले, परदेशी यंत्रं आली. त्यातले बरेच आराखडे थंड देशांत, ऊब कोंडून ठेवण्यासाठी बेतलेले होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये प्रश्न ऊब घालवण्याचा असतो. कर्ज, बाजार आणि वाहतूक यांच्या अडचणींबरोबर हवामानाचं हे गणितही चुकलं आणि त्या पिढीतले अनेक प्रकल्प बंद पडले. जे टिकलं, ते हळूहळू मावळी झालं. पाइपांचा सांगाडा, २०० मायक्रॉनचं पॉलिथिन, माथ्यावर वारा जायला कायमची फट, चारी बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, आत सावलीची जाळी, वर धुकं सोडणारे फॉगर, खाली ठिबक. शासनाचं निम्म्या खर्चाचं अनुदान आलं, तळेगावच्या राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृह व्यवस्थापनाचे वर्ग भरू लागले, आणि दहा-वीस गुंठ्यांची पॉलिहाऊस सामान्य शेतकऱ्याच्याही आवाक्यात आली.

या रचनेत ना हीटर असतो, ना पंख्यांची रांग. शेतकऱ्याच्या हातात चारच गोष्टी: पडदा, जाळी, फॉगर आणि पाणी. हॉलंडमधला उत्पादक ‘आत १९ अंश ठेव’ असा हुकूम संगणकाला सोडू शकतो. मावळातला शेतकरी असा हुकूम सोडू शकत नाही. त्याला निसर्गाशी वाटाघाटी करूनच काम काढावं लागतं. वाटाघाटीत बळ कमी असलं की वेळ साधावी लागते. म्हणून इथे आकड्यांचं मोल वेगळं आहे. ते हवामान बदलून देत नाहीत, पण अर्धा तास आधी सावध करतात.

*

या क्षेत्रात नवीन माणूस येतो, तेव्हा आर्द्रतेच्या टक्क्यांवर अवलंबून राहतो आणि फसतो. मीही फसले होते. ६० टक्के म्हणजे चांगली हवा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मालकाने मला वाळत घातलेल्या कपड्यांवरून समजावलं. श्रावणात मावळात कपडे तीन-तीन दिवस सुकत नाहीत, मेमध्ये तासाभरात कडक होतात. कपड्यातलं पाणी ओढून घेण्याची हवेची जी ओढ, तीच झाडाला जाणवते. शास्त्रात तिला बाष्पदाब तूट म्हणतात, शिवारात सगळे ‘व्हीपीडी’ म्हणतात. गंमत अशी की आर्द्रता ६० टक्केच असली, तरी १४ अंशांना ही ओढ सुमारे ०.६४ किलोपास्कल असते आणि ३४ अंशांना सुमारे २.१३. आकडा तोच, तहान तिपटीहून जास्त.

ओढ फार वाढली की झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड आत येणंही थांबतं. भर दुपारी लख्ख उजेड असूनही झाड हात बांधून बसतं. ओढ फार कमी झाली तर मुळांकडून वर येणारा प्रवाह मंदावतो. कॅल्शियम या प्रवाहाबरोबरच वर चढतं, त्यामुळे खत भरपूर दिलेलं असूनही कोवळ्या शेंड्यांना ते मिळत नाही. शेतकरी पान बघून खत वाढवतो. दोष हवेत असतो, पैसे जमिनीत जातात. साधारण अर्ध्या ते सव्वा किलोपास्कलच्या पट्ट्यात झाड सुखाने काम करतं. तेव्हा पडदा, जाळी आणि फॉगर यांची सगळी धडपड दिवसातले जास्तीत जास्त तास त्या पट्ट्यात राहण्यासाठी असते.

हे मामांना ठाऊक नव्हतं का? शब्द ठाऊक नव्हता. दुपारी पॉलिहाऊसमध्ये शिरल्यावर ओठ कोरडे पडले की ते फॉगर सोडायला सांगत. चष्म्यावर वाफ धरली की पडदा वर करायला सांगत. त्यांचं अंग हेच उपकरण होतं, आणि ते चांगलं चालत होतं. पण ते उपकरण रात्री घरी झोपायला जातं. पडदे बंद करून सगळे गेल्यावर आत काय होतं, याची पहिली खबर मामांना सेन्सर लावल्यावरच लागली. पहिल्या आठवड्याचा आलेख समजावल्यावर ते म्हणाले होते, “म्हणजे रात्री दहापासूनच कोंडत होतं होय!”

*

सेन्सर खोटंही बोलतो. हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग.

तापमापक उन्हात टांगला तर तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. फरक पाच-सहा अंशांचाही पडतो. म्हणून तो पांढऱ्या, हवेशीर डबीत, लहान पंख्याने हवा खेळती ठेवून, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावायचा. दाराजवळ लावायचा नाही, फॉगरखाली तर मुळीच नाही. भुरीसाठी गंधकाची धुरी दिली जाते, औषधांचे फवारे बसतात, धूळ साचते. सहा महिन्यांत आर्द्रतेचा सेन्सर हळूहळू घसरू लागतो. तो बंद पडला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. हा बिघडतो तो आत्मविश्वासाने आकडे देत देत.

त्याची परीक्षा मात्र स्वयंपाकघरातल्या मिठाने घेता येते. हवाबंद डब्यात वाटीभर मीठ घ्यायचं आणि ते ओल्या रेतीसारखं दिसेल इतपतच पाणी घालायचं. सेन्सर मिठाला न टेकवता डब्यात ठेवून झाकण लावायचं. काही तासांनी डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन स्थिर होते. सेन्सर ६८ दाखवत असेल, तर तो सात टक्क्यांनी खोटा. या पॉलिहाऊसमध्ये दर अमावस्येला हा ‘मिठाचा डबा’ होतो. अमावस्या कशासाठी? तारीख विसरली जाते, अमावस्या कुणी विसरत नाही.

हा नेम सुरू होण्यामागे एक दुखणं आहे. दोन वर्षांपूर्वी फॉगर सेन्सरला जोडले होते: हवा कोरडी झाली की आपोआप सुरू, ओल आली की बंद. एका हिवाळ्यात सेन्सरवर थर साचला आणि तो हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवू लागला. यंत्राने इमानदारीने हुकूम पाळला. रात्री एक वाजता, १३ अंशांच्या थंडीत, कोणी बघत नसताना ते आळीपाळीने धुकं सोडत राहिलं. असं किती रात्री चाललं ते नंतर नोंदींतून कळलं: नऊ. तोवर डाऊनीने पानं गाळायला सुरुवात केली होती. आता फॉगरवर दोन कुलपं आहेत. सूर्यास्तानंतर ते सुरूच होत नाहीत. आणि एका वेळी ठरावीक सेकंदांहून जास्त चालत नाहीत, मग सेन्सर काहीही सांगो. मालक म्हणाला, “यंत्राला काय करायचं ते शिकवणं सोपं असतं. काय करायचं नाही, ते आठवायला नुकसान व्हावं लागतं.”

*

पाण्याचं प्रकरण त्यामानाने लवकर मार्गी लागलं. त्याचं कारण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला स्वयंचलन नवीन नाही. रात्रपाळीच्या विजेने त्याला ते शिकवलं. थंडीत, विंचूकाट्यात मोटर चालू करायला कोण जाणार? वीज आली की आपोआप सुरू होणारा ऑटो स्विच आला, मग मिस्ड कॉलवर चालणारा मोबाईल स्टार्टर. आपल्या शिवारातल्या स्वयंचलनाचं मूळ कुठल्याही प्रयोगशाळेत नाही, महावितरणच्या वेळापत्रकात आहे.

पॉलिहाऊसमध्ये पुढचा टप्पा म्हणजे पाणी घड्याळावर न देता उन्हावर देणं. रोज नऊ, बारा आणि तीनला पाणी, हा नियम ढगाळ दिवशी मुळं कुजवतो आणि कडक उन्हात झाड उपाशी ठेवतो. त्याऐवजी छतावरचा सेन्सर सूर्यप्रकाशाची बेरीज करत जातो. ठरलेली बेरीज झाली की एक पाळी सुटते. ऊन जास्त तर पाळ्या जास्त, ढग आले तर कमी. बेरीज बरोबर आहे का, हे तपासायला कोकोपीटच्या कुंडीखाली साधी बादली. दिलेल्या पाण्यापैकी वीस-तीस टक्के खाली झिरपलं तर ठीक. बादली कोरडी राहिली तर क्षार साचणार, ओसंडली तर खत वाहून गेलं. झिरपलेल्या पाण्याचा सामू आणि ईसी (क्षारांचं प्रमाण) रोज सकाळी मोजून वहीत लिहिण्याचं काम प्रतवारीच्या टेबलावरच्या एका मावशींकडे आहे. ॲपमध्येही नोंद होते. वही मात्र त्यांनी सोडली नाही, आणि मालकानेही सोडायला लावली नाही. फॉगरच्या प्रकरणात गडबड पहिल्यांदा त्या वहीत दिसली होती: पाणी तेवढंच, ऊन तेवढंच, पण बादलीत रोज जास्त. झाडं रात्री पाणी ओढतच नव्हती, असा त्याचा अर्थ. तो अर्थ लावायला मात्र कुणाला सुचलं नाही.

*

मग हे सगळं यंत्रावरच का सोपवू नये? हा प्रश्न जगात एका ठिकाणी अगदी सरळ विचारला गेला. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाने ब्लाइस्वाइक इथल्या आपल्या संशोधन केंद्रात २०१८ मध्ये स्वयंचलित हरितगृहांची स्पर्धा भरवली. प्रत्येकी ९६ चौरस मीटरची काचघरं, पीक काकडीचं. पाच संघांनी आत पाऊल न टाकता, दुरून, आपापल्या संगणकी प्रणालींनी हवा, उजेड आणि पाणी यांचे निर्णय घ्यायचे. शेजारच्या काचघरात तुलनेसाठी अनुभवी डच उत्पादक. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पुढाकारातला ‘सोनोमा’ संघ जिंकला आणि निव्वळ नफ्यात त्याने त्या उत्पादकांनाही मागे टाकलं. २०१९-२० मध्ये चेरी टोमॅटोवर दुसरी फेरी झाली. त्यात ‘ऑटोमॅटोज’ हा संघ विजयी ठरला आणि त्यानेही उत्पादकांना हरवलं.

बातम्यांत मथळा झाला: यंत्राने शेतकऱ्याला हरवलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. वेलींची छाटणी, बांधणी आणि तोडणी माणसांच्याच हातांनी झाली. जिंकलेल्या संघांत वनस्पती जाणणारी माणसंही होती. मुख्य म्हणजे त्या काचघरांत संगणकाच्या हाताखाली हीटर होते, दिवे होते, कार्बन डायऑक्साइड सोडण्याची सोय होती. निर्णय झाला की तो अमलात आणायला पूर्ण ताकद होती. २०२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायूचे भाव भडकले, तेव्हा त्या ताकदीची किंमतही दिसली. कित्येक डच उत्पादकांनी दिवे विझवले, काहींनी लागवडच पुढे ढकलली.

मावळात प्रश्न वेगळा आहे. तिथे यंत्राकडे बुद्धी असेल, पण हातपाय चारच. म्हणून बाहेरून जसंच्या तसं आणलेलं शहाणपण इथे पुन्हा फसेल, नव्वदच्या दशकात आराखडे फसले तसंच. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. पैसा येईल, सेन्सर येतील. पण मावळातल्या पॉलिहाऊसना उपयोगी पडेल ती मावळातल्याच रात्रींची नोंद: कोणत्या दिशेच्या डोंगरामागून सूर्य किती उशिरा येतो, कोणत्या बाजूचा पडदा उघडला की वारा कसा फिरतो. ही नोंद आज विखुरलेली आहे, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये, प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या ॲपमध्ये. वर्गणी संपली की आलेख दिसेनासा होतो. सातबारा स्वतःच्या नावावर आहे का, हे शेतकरी डोळ्यांत तेल घालून बघतो. आपल्या हवेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे अजून त्याने विचारलेलं नाही.

*

पुन्हा त्या पहाटेकडे येते. पावणेसहा झाले होते.

मालकाचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर होता. गुलाबाची वाढ साधारण ५ अंशांच्या वरच्या उबेवर चालते असं धरायचं. दिवसरात्रीची सरासरी २० अंश असेल तर रोजची कमाई १५. छाटणीपासून फूल तोडणीला यायला ४८ दिवस लागत असतील, तर एकूण ७२० लागले. सरासरी दोनच अंशांनी उतरली, तर रोजची कमाई १३ आणि दिवस ५५. म्हणजे फूल आठवडाभर उशिरा. ‘व्हॅलेंटाइन डे’साठी जाणारा माल फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत शीतगृहातून निघावा लागतो. त्यानंतर आठवड्याने आलेल्या फुलांना कुणी विचारत नाही. त्यामुळे त्याला पडदा उघडायचा नव्हता. त्या दिवसापर्यंतची कमाई हिशेबापेक्षा तीन दिवस मागे होती.

मामांना पडदा उघडायचा होता. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि त्यांच्या मते कळी आज नक्की रडणार.

मला वाटलं, इथे आता अनुभव आणि डेटा यांचं भांडण होणार. झालं वेगळंच. मालकाने मोबाईलवर मागच्या दहा पहाटांचे आलेख काढले. ज्या तीन दिवशी पूर्वेचा पडदा सूर्योदयाच्या चाळीस मिनिटं आधी जेमतेम उघडला होता, त्या दिवशी आतलं तापमान अर्ध्या-पाऊण अंशानेच उतरलं होतं, तेही तासभर. दिवसाच्या सरासरीत तेवढ्याने खरचटलंही नव्हतं. पण आर्द्रता सूर्योदयापूर्वीच खाली आली होती. मामा आलेख वाचत नाहीत. त्यांनी विचारलं, “किती उघडला होता तेव्हा?” ॲपमध्ये ते नव्हतं. पडदा हाताने फिरतो, त्याची नोंद कुठे होणार?

“चार बोटं,” मामांनीच उत्तर दिलं. “मीच उघडला होता. पश्चिमेचा बंद ठेवून.”

मालकाने वही उलटून लिहिलं: पूर्व, चार बोटं, ६.१५. सेन्सरच्या माहितीत नसलेला तो एकुलता एक आकडा होता, आणि बाकीच्या सगळ्या आकड्यांना अर्थ त्यानेच आला.

सव्वासहाला मामांनी हँडल फिरवलं. पडद्याखालून गार हवेची एक पट्टी आत आली, माझ्या घोट्यांना लागली. सातनंतर डोंगरावरून ऊन उतरलं तेव्हा आम्ही पुन्हा त्याच कळीपाशी गेलो. मामांनी बोट टेकवलं, बोट बघितलं, काही न बोलता पुढच्या ओळीकडे गेले. तिथे दोन कळ्यांवर थेंब होते. ते परत आले आणि मालकाला म्हणाले, “उद्या दहा मिनिटं आधी.”